आमची वाटचाल: 64 केबीतला नरकासुर

बिलिंग सॉफ्टवेअरसाठी आमच्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकाची नजर टेबलाच्या उघड्या खणात गेली की तो हमखास विचारतो, "मोबाइल दुरुस्तीही करता काय?" खणात जुने नोकिया, मोटोरोला, सॅमसंग खच्चून भरलेत, बऱ्याच बॅटऱ्या फुगल्यात. ते आमच्या आधीच्या धंद्याचे. 2004 ते 2013 आम्ही गोव्यातल्या फोंड्यात मोबाइल गेम करत होतो.

फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडलेले आम्ही दोघे. बाजारात वरच्या मजल्यावर एक खोली, दोन कॉम्प्युटर, आणि पहिला पाऊस पडायच्या आत घेतलेला इन्व्हर्टर. भांडवल बाबांचे. खाणीवर चालणाऱ्या त्यांच्या दोन टिप्परांनी आमचा पहिला वर्षभराचा खर्च ओढला.

आम्ही जगलो ते पोर्टिंगवर. मुंबईचा एक पब्लिशर तयार गेम पाठवी आणि तो प्रत्येक हँडसेटवर बसवून द्यायचा. नोकियाच्या सुरुवातीच्या सीरिज 40 फोनांचा पडदा 128 बाय 128 ठिपक्यांचा, सीरिज 60 चा 176 बाय 208. नोकियावर पडद्याखालची डावी सॉफ्ट की दाबली की कोडमध्ये उणे 6 येई, मोटोरोलावर उणे 21. एकच गेम, पण त्याचे बिल्ड, म्हणजे फोनागणिक वेगळ्या फाइली, पंचवीस-तीस. आणि सगळ्यात जाच 64 केबीचा. त्या जुन्या सीरिज 40 वर जार फाइल, म्हणजे गेमचे सगळे सामान बांधलेली जावाची फाइल, त्याच्या वर गेली की फोन ती घेतच नसे. आज सकाळी काकांकडून येणारा सुप्रभातचा फोटो त्याहून मोठा असतो.

मग आम्ही बाइट वेचायचो. प्रत्येक पीएनजीला स्वतःचे हेडर आणि रंगांचा तक्ता लागतो, म्हणून सगळी चित्रे एकाच पट्टीत चिकटवायची. कोडमधली लांबलचक नावे प्रोगार्ड नावाच्या टूलने अ, ब, क इतकी आखूड करून घ्यायची. पहिल्या पिढीच्या जावा फोनांना अपूर्णांक कळत नसत. क्रिकेटचा चेंडू हवेत वळवायचा तर सगळे आकडे 256 ने गुणून पूर्णांकात हिशेब करायचा आणि शेवटी भागायचे. रात्री दोनला फाइल 63.9 वर आली की खाली जाऊन चहाचे दुकान उघडे नाही याचे फार वाईट वाटे.

2007 च्या दिवाळीसाठी स्वतःचा गेम करायचे ठरवले. विषय शोधावा लागलाच नाही. नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री गोव्यातल्या वाड्यावाड्यांत नरकासुर उभे राहतात आणि पहाटे जळतात. आमच्या वाड्यावर दरवर्षी बांबू, गवत आणि कागदाचा नरकासुर बांधणारा एक पोरगा होता. त्यालाच चित्रकार म्हणून बसवले. कॉम्प्युटर त्याने त्या दिवशी पहिल्यांदा हाताळला. 24 बाय 24 ठिपक्यांत तोंड काढायचे होते. सुळ्यांना दोन-दोन पांढरे ठिपके दिले तर त्या मिशा दिसत, एकेक दिला तर दिसतच नसत. मी सुळ्यांवर अडलो होतो, तो मागून सांगत होता, "दोळे व्हड कर रे." जागा नव्हती. डोळे लहानच राहिले.

गेम सप्टेंबरात तयार झाला. गेम विकणाऱ्या मोबाइल ऑपरेटरपर्यंत पोचायला अ‍ॅग्रिगेटर, म्हणजे मधला दलाल, लागे. त्याच्या टेस्टिंगमध्ये फाइल तीनदा परत आली, आणि नरकासुर डाउनलोडला लागला तो डिसेंबरात. जळून गेलेला नरकासुर नाताळात कोण विकत घेणार? विकले गेले त्यातही मोठा वाटा ऑपरेटरचा, मग अ‍ॅग्रिगेटरचा, उरलेला आमचा. आमचा चेक यायला पुढचा शिगमो, म्हणजे गोव्यातली होळी, उजाडला.

तरी पोर्टिंग चालू होते, म्हणून 2008 मध्ये अ‍ॅपलचे अ‍ॅप स्टोअर आणि अँड्रॉइड मार्केट निघाले तेव्हा आम्ही निर्धास्त होतो. आयफोन घेतो कोण? फेब्रुवारी 2011 मध्ये नोकियाने विंडोज फोनची वाट धरली, तेव्हा जरा चपापलो. त्याच वर्षी आशा नावाचे स्वस्त फोन आले आणि आम्हीही आशेला लागलो. 2012 मध्ये टचवाल्या आशाबरोबर नोकियाने ईए या बड्या गेम कंपनीचे 40 गेम फुकट दिले. पन्नास रुपयांचा गेम त्यापुढे काय टिकणार! खरे सांगायचे तर फुकटाने आम्हाला मारले त्याआधीच आमची गरज सरत आली होती. अँड्रॉइडवर एकच फाइल बहुतेक फोनांवर चाले. आम्ही ज्या अडचणीवर पोट भरत होतो, ती अडचणच गेली.

सप्टेंबर 2012 मध्ये खाणी बंद झाल्या. टिप्पर घरासमोर उभे राहिले, टायर बसले, आणि बाबांकडे मागायची सोय उरली नाही. 2013 मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने पैसे लागणाऱ्या मोबाइल सेवांना ग्राहकाची दुहेरी संमती सक्तीची केली. नियम बरोबरच होता. न विचारता पैसे कापून घेणारे बरेच होते. पण त्या बाजारातले उरलेसुरले कामही गेले. भागीदार पुण्याला नोकरीला लागला. मी किराणा दुकानाचा हिशेब करणारे पहिले सॉफ्टवेअर शेजारच्याच दुकानदाराला विकले.

गेल्या चतुर्दशीला तो नरकासुरवाला आला होता. आता त्याचा फ्लेक्सचा व्यवसाय आहे. सोर्स कोड असलेली हार्ड डिस्क केव्हाच मेली, पण जार फाइल एका जुन्या सीडीवर सापडली होती. अँड्रॉइडवर जुने जावा गेम चालवणारे अ‍ॅप मिळते, त्यात ती उघडून दाखवली. त्याने फोन डोळ्यांजवळ धरला.

"दोळे ल्हानच रे."

जार म्हणजे झिपच. चित्र बाहेर काढून मोठे करता येईल, म्हणाला, लॅपटॉप दे.

"फाइल 64 च्या वर जाईल," मी सवयीने म्हणालो.