साडेतीन इंचाचा चाकू आणि आधारवरचं नाव

चोपड्याच्या बाजारात दीडशे रुपयांना घडीचा चाकू मिळतो. पातं चकचकीत, मुठीवर वाघाचं नाहीतर गरुडाचं चित्र, आणि पोलाद कोणतं ते देव जाणे. असे तीन चाकू मी दोन वर्षांत संपवले. ठिबकच्या नळ्या कापायच्या, खताच्या गोणीची शिवण उसवायची, सुतळी तोडायची, एवढंच काम. आठवड्यात धार जाते, महिन्याभरात पातं डुगडुगतं. तिसरा तर नळी कापता कापता मिटला तो माझ्या बोटावरच. चार टाके पडले. म्हटलं, आता जरा बरा घ्यायचा.

बरा म्हणजे तोही चिनीच. बाजारातलाही चिनी, हाही चिनी, पण दोघांत जमीन-अस्मानाचा फरक. ग्वांगडाँग प्रांतात यांगजियांग नावाचं शहर आहे, तिथे पिढ्यान् पिढ्या चाकू-कात्र्यांचाच धंदा. अमेरिकेतल्या नावाजलेल्या कंपन्यासुद्धा त्यांचे स्वस्तातले चाकू चीनमधून बनवून घेतात. ओळखायची खूण सोपी आहे : पोलादाचं नाव छापलेलं असतं. ३ सीआर १३ दिसलं तर सोडून द्या, त्यात कार्बन ०.३ टक्क्यांच्या आसपास, धार धरत नाही. ८ सीआर १३ एमओव्ही म्हणजे कार्बन ०.८ आणि क्रोमियम १३ टक्क्यांच्या जवळपास. तापवून नीट पाणी दिलेलं असेल तर रॉकवेल मापावर ५७ ते ५९ कडकपणा येतो. डी२ पोलाद त्याहून जास्त दिवस धार धरतं, आणि आता तेही स्वस्तात मिळतं. पण ते पुरतं स्टेनलेस नाही आणि आमच्याकडे केळी. केळीचा चीक पात्यावर राहिला की डाग पडलाच समजा. म्हणून मी ८ सीआर घेतला. आडपट्टीचं लॉक (म्हणजे उघडलेलं पातं मिटू न देणारी खीळ), साडेतीन इंचाचं पातं, १,८५० रुपये.

थेट चीनमधल्या विक्रेत्याकडून मागवला, ही माझी अक्कल. पैसे भरले, पाच दिवसांत पार्सल मुंबईत. मी खूश. तिथून चोपड्याला यायला तेवीस दिवस लागले.

आधी मेसेज आला : कस्टम्ससाठी केवायसी द्या. आधार चढवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर, नाव जुळत नाही. विक्रेत्याच्या फॉर्मवर नावाला आणि आडनावाला मिळून दोनच रकाने होते, वडिलांचं नाव घालायला जागाच नाही. आधारवर मधोमध वडील विराजमान. फोन लावला तर अमुकसाठी एक दाबा, तमुकसाठी दोन दाबा. माणूस भेटला तो चौथ्या दिवशी. तो म्हणाला, पॅन कार्ड टाका. टाकलं. पॅनवर माझ्या आडनावात एक 'ए' जास्त आहे. परत नामंजूर.

ते निस्तरलं तर पत्ता. आमच्या गावापर्यंत कुरिअर येत नाही, म्हणून साडूच्या दुकानाचा पत्ता दिला होता. आता त्या पत्त्याचा पुरावा हवा. दुकानाचं लाइट बिल घरमालकाच्या नावावर. भाडेकरार? साडू हसायलाच लागला, अकरा वर्षं झाली, सगळं तोंडी चालू आहे. शेवटी त्याचं गुमास्ता लायसन्स आणि सोबत पत्र, की हा माणूस माझा नातेवाईक आहे, त्याचं पार्सल माझ्याकडे द्यावं. साडूला इंग्रजीत काय म्हणतात यावर आमचा अर्धा तास गेला. शेवटी 'बायकोच्या बहिणीचा नवरा' असं लांबलचक लिहून दिलं.

मग खरा प्रश्न आला, दोन आठवड्यांनी : वस्तू काय आहे? विक्रेत्याने बिलावर 'आउटडोअर टूल' लिहिलं होतं, मशीनमध्ये दिसला चाकू. पात्याची लांबी किती, रुंदी किती, बटण दाबून उघडतो का, कशासाठी हवा. शस्त्र नियमांतल्या परवान्याच्या यादीत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात, घरच्या किंवा शेतीच्या कामाचं अवजार त्यातून वगळलेलं आहे. हे मी तोवर पाठ केलं होतं. मी विक्रेत्याच्या पानाची प्रिंट काढली, मापांखाली लाल रेघ मारली, अंगठ्याने उघडतो असं लिहिलं आणि पैसे भरल्याची बँकेची नोंद जोडली. हे सगळं पहिल्याच दिवशी मागितलं असतं तर? पण नाही, एका वेळी एकच कागद. शेवटी ड्युटी आणि कुरिअरवाल्यांचा खर्च मिळून वर १,४०० रुपये.

आबा म्हणाले, "इतला पैसा चाकूले?" मी काही बोललो नाही.

चाकू मात्र कामाचा निघाला. पातं मिटल्यावर मधोमध बसत नव्हतं, एका बाजूला घासायचं. बिजागरीचा स्क्रू पाव फेरा ढिला केला, जमलं. त्याला चांदणीच्या तोंडाचा छोटा पाना लागतो, साधा पेचकस घालू नका, खाच बिघडते. धारही येताना बेताचीच होती. बाजारातल्या धार लावणाऱ्या चाकवाल्याकडे नेऊ नका, फिरत्या दगडावर तापलं की पोलादाचं पाणी उतरतं. मी घरीच पाण्याच्या दगडावर घासतो. आता केळीच्या दोन कटाई झाल्या, लॉक अजून घट्ट आहे. नवीन चाकू आला की पातं उघडून आडवं हलवून पाहा आणि पाठीकडून हलकं ठोकून पाहा. मिटायला बघत असेल तर लगेच परत करा.

शेतातून बाजारात जाताना मी तो घरीच ठेवतो. सणासुदीला, निवडणुकीला जमावबंदी-शस्त्रबंदीचे आदेश निघतात, तेव्हा खिशातल्या चाकूचं स्पष्टीकरण कोण देत बसणार. विमानातही हातातल्या बॅगेत चालत नाही.

आता असेच चाकू आयात करून इथेच विकणारे आहेत. २,६०० ला मिळतो, दुकानाचं बिल हातात. माझा पडला ३,२५० ला. तरी थेटच मागवायचा असेल तर नाव आधारवर आहे तस्संच टाका, वडिलांसकट, रकाना नसला तर पहिल्याच रकान्यात कोंबा. आणि पत्ता साडूचा नको.