तळहातावरच्या चांदण्या : ताकेतोमी आणि इरिओमोते

इशिगाकीच्या धक्क्यावरून सुटलेली बोट जेमतेम पंधरा मिनिटांत ताकेतोमीला लागते. जपानचं हे टोक इतकं लांब, की ओकिनावाच्या मुख्य बेटापेक्षा इथून तैवान जवळ. बेटाचा घेर सुमारे 9 किलोमीटर. गावात सायकल भाड्याने घेतली आणि निघाले.

लाल कौलांची घरं, दोन्ही बाजूंना प्रवाळाच्या दगडांचे गडगे आणि गल्ल्यांमधून पसरलेली पांढरी वाळू. सकाळी लोक आपापल्या दारापुढची वाळू झाडून घेतात. खराट्याच्या त्या ताज्या रेघा बघून आजोळचं अंगण आठवलं.

मला ओढ होती काइजीच्या पुळणीची. पुण्यात भूशास्त्र शिकताना ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक फोरॅमिनिफेरा, म्हणजे कवच बांधणाऱ्या समुद्री एकपेशीय जिवाचं बारीक कवच, उचलून स्लाइडवर चिकटवण्यात मी कित्येक दुपारी घालवल्या आहेत. कच्छच्या चुनखडकातले याच गटातले नाण्यासारखे जीवाश्म, न्यूम्युलाइट्स, तर हातात घेऊन बघितलेत. पण ते सगळे कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेले. या जिवांचे आजचे भाऊबंद कुठे आणि कसे राहतात, ते मला डोळ्यांनी बघायचं होतं.

काइजीला झाडांच्या सावलीत वाळूवर बसले. तळहात हलकेच टेकवायचा, उचलायचा आणि भिंगातून बघायचं. पहिल्या खेपेला नुसता प्रवाळाचा आणि शिंपल्यांचा चुरा. चौथ्या-पाचव्या खेपेला अंगठ्याच्या उंचवट्यावर एक चांदणी दिसली! पिवळसर पांढरी, मिलिमीटर-दीड मिलिमीटरची, पाच बोथट टोकांची. ही बॅक्युलोजिप्सिना, एक फोरॅमिनिफेरा. शेजारी गोल पोटाची, बारीक काट्यांची कॅल्करिना. पहिलीला इथे ‘होशिझुना’ म्हणजे ताऱ्यांची वाळू म्हणतात, दुसरीला सूर्यवाळू. बघून झालं की हात तिथेच झटकायचा.

प्रत्येक कण म्हणजे एका पेशीने बांधलेलं घर. समुद्राच्या पाण्यातला चुना घेऊन ती एकेक खोली वाढवत जाते. 1826 मध्ये दॉर्बिन्यी या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने या गटाला नाव दिलं, तेव्हा ही माकुळांच्या कुळातली चिमुकली मंडळी असावीत असा त्याचा समज होता. ती एकपेशीय आहेत हे 1835 मध्ये द्युजार्दॅं या दुसऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवलं.

ताकेतोमीची कथा वेगळंच सांगते. ध्रुवतारा आणि दक्षिणेचा त्रिशंकू यांची बाळं बेटाच्या दक्षिणेच्या समुद्रात जन्मली. आपल्याला विचारलं नाही म्हणून समुद्रदेव रागावला आणि त्याने सर्पाकरवी त्यांना मारलं. त्यांची हाडं किनाऱ्याला लागली. इथल्या देवीने ती गोळा करून धूपदानात ठेवली, आणि धुराबरोबर ती लेकरं आईकडे आभाळात गेली. वाळूतल्या चांदण्या म्हणजे मेलेल्या जिवांचे सांगाडे, हे कथा रचणाऱ्यांनी भिंगाशिवाय ओळखलं होतं. मला याचं फार अप्रूप वाटतं.

जिवंत चांदण्या बघायला दुसऱ्या दिवशी जवळच्या इरिओमोते बेटावर गेले. तिथल्या ताऱ्यांच्या वाळूच्या किनाऱ्यावर ओहोटीला खडपं उघडी पडतात. घोटाभर पाण्यात वाकून शेवाळाचा एक झुबका भिंगाखाली धरला. त्याच्या केसासारख्या तंतूंना तपकिरी दाणे लगडलेले. मेल्यावर पांढरट दिसणारी ही चांदणी जिवंतपणी तपकिरी असते, कारण तिच्या पोटात डायटम नावाची सूक्ष्म शैवालं राहतात. ती उन्हावर अन्न करतात, त्यातलं हिला मिळतं. म्हणून हिला उथळ, नितळ, उन्हाचं पाणी लागतं. लाटा उसळत्या असल्या तरी चालतं, तंतूला घट्ट धरून राहायचं. मेली की लाटा तिला किनाऱ्याकडे लोटतात. म्हणजे काइजीसारखी पुळण रोज थोडी थोडी अशाच खडपांवर जन्माला येते. प्रशांत महासागरातल्या काही कंकणद्वीपांवर तर किनाऱ्याची निम्म्याहून जास्त वाळू फोरॅमिनिफेरांचीच आहे. पाणी फार तापलं तर पोटातली शैवालं तगत नाहीत, आणि पाण्याची आम्लता वाढली तर घर बांधणं जड जातं. मग त्या बेटांना वाळू कुठून मिळणार, या विचाराने मी खरंच अस्वस्थ होते.

आणि ही चांदणी सगळीकडे भेटत नाही. इंडोनेशिया, ऑस्ट्रेलियाची ग्रेट बॅरियर रीफ, आणि र्युक्यू म्हणजे जपानची ही दक्षिणेकडची बेटं, हा तिचा मुलूख. हवाईला ऊन आहे, प्रवाळ आहे, पण ही नाही; तिची कॅल्करिना बहीणही नाही. त्याच हवाईत भिंगाच्या आकाराची ॲम्फिस्टेजिना ही दुसरी फोरॅमिनिफेरा मात्र सुखाने नांदते. ती तांबड्या समुद्रात आहे, कॅरिबियनमध्ये आहे, सुएझमार्गे भूमध्य समुद्रातही घुसली. तिथे शेवाळ चरणाऱ्या माशांच्या विष्ठेतून जिवंत फोरॅमिनिफेरा बाहेर पडलेले आढळलेत! पेरूच्या बिया पक्षी पसरवतात, तसंच हे. जसजसं इंडोनेशिया-फिलिपिन्सपासून पूर्वेला जावं, तसतशा मोठ्या फोरॅमिनिफेरांच्या जाती कमी होत जातात. दूरच्या बेटावर पोचतात त्या मोजक्याच.

मी त्याच झुबक्यावरचे दाणे मोजत बसले. बोटाच्या पेराएवढ्या जागेत सत्तावीस भरले, अठ्ठाविसावा होता की वाळूचा खडा, ते ठरेना. तोवर पाणी पोटऱ्यांना लागलं होतं. झुबका सोडला, तो लाटेबरोबर एकदा आडवा झाला, पुन्हा उभा राहिला. दाणे होते तिथेच होते.