आंडेर आणि म्याडम

मंगळवार, रात्री

आज मला कोणी काही बोललंसुद्धा नाही, तरी घास उतरत नव्हता.

'माले'ची आता सवय झालीय. तिसऱ्याच दिवशी चहाच्या वेळी तोंडातून घरच्या अहिराणीत "माले माहीत नही" निघून गेलं, तेव्हापासून बँकेच्या शाखेत मी मालेताई. "मालेताई, व्हाउचर तुले देऊ का माले?" सगळे हसतात, मीही हसते. पहिल्या आठवड्यात बाथरूममध्ये नळ सोडून रडले होते. साक्रीवाल्या सरांचा आवाज सगळ्यांत वर असतो. साक्रीही अहिराणीच्याच मुलखातली, म्हणून त्यांचं जास्त लागतं.

पण आजचं वेगळंच. साडेबाराच्या गर्दीत एक बाई आल्या. पासबुक दुधाच्या पिशवीत गुंडाळून वर दोन रबरं लावलेली. ती रबरं त्यांनी सावकाश काढून मनगटात घातली, पासबुक पदराला पुसलं आणि आत सरकवलं. लाडक्या बहिणीचे 1500 आलेत का बघायचं होतं.

"आंडेर, मन्हा पैसा उनात का व?"

आंडेर, म्हणजे लेक. काउंटरच्या पलीकडून अशी हाक मला पहिल्यांदाच कोणी मारली. आणि मी काय म्हणावं? मागच्या टेबलावर सर बसलेले. मी म्हटलं, "हो आजी, रक्कम जमा झालेली आहे."

बाई गप्पच झाल्या. पदर सारखा केला. मग जपून जपून म्हणाल्या, "बरं म्याडम."

तेवढंच. पासबुक पिशवीत, पिशवीवर रबरं, गेल्या.

मी घाबरले कुणाला? फार तर काय झालं असतं, आणखी चार दिवस हसले असते. सकाळी गाडीत धरणगावपर्यंत अख्खा डबा अहिराणीत बोलतो, मीही बोलते. पाळधी गेलं की मनातल्या मनात शब्द बदलायला घेते. रोज. आज परत येताना अमळनेर आलं तरी तोंडात तेच 'जमा झालेली आहे'. बाबांच्या कानावर हे घालायला हवं होतं. नाही घातलं.

जेवण तसंच ठेवून मोबाइलवर शोधत बसले. 2011च्या जनगणनेत 16 लाखांहून जास्त लोकांनी अहिराणी आपली मातृभाषा म्हणून सांगितलीय. उद्या चहाला हा आकडा सगळ्यांसमोर ठेवावा असं वाटलं. मग वाटलं, कशाला? त्या 16 लाखांत सरही असतील.

असतीलच. गेल्या आठवड्यात जिन्यात फोनवर बोलत होते. "जेवनी का व माय?" किती मऊ आवाज. मी दिसले तशी "ठेवतो, नंतर करतो" म्हणून फोन बंद केला. तेव्हा मला संताप आला होता, घरी एक आणि इथे एक म्हणून. आज तो राग शोधूनही सापडत नाही. त्यांनी जिन्यात केलं तेच मी काउंटरवर केलं. उद्या मालेताई म्हणाले तर म्हणू देत. माले म्हणजे मलाच ना.

पण ते म्याडम काही जात नाही. आंडेरची म्याडम झाले, एका वाक्यात. पुढचा हप्ता आला की त्या येतील. माझ्याच काउंटरला येतील की नाही, कोण जाणे.

"उनात, माय." दोनच शब्द होते. आत्ता मोठ्याने म्हणून पाहिले.

स्वयंपाकघरातून आईने विचारलं, "कोन उनात व?"

"कोनी नही, माय."