फार काही विकत न आणता परसात मुलांचा खेळ कसा रंगला, माझा अनुभव

आमच्या घराच्या मागे थोडी मोकळी जागा आहे. एक झाड, कपडे वाळत घालायची दोरी, बांधकामातून उरलेल्या थोड्या विटा आणि एक प्लास्टिकची घसरगुंडी, एवढंच. मुलं दोन, मोठी सात वर्षांची आणि धाकटा चार. दोघं बाहेर जायची, चार-सहा वेळा घसरायची आणि परत आत येऊन टीव्हीसमोर फतकल मारायची. घसरगुंडीचं तसं काही चुकत नाही, पण ती घसरगुंडीच असते, तिचं दुसरं काय करणार? मला हवं होतं की यांनी बाहेर काहीतरी रचत बसावं, आपल्याशीच बडबडावं, खोटंखोटं जग मांडावं. आणि त्यासाठी लाकडी खेळघर वगैरे आणायची तयारी नव्हती, बजेटही नव्हतं.

वाचताना एक गोष्ट सापडली जी मला एकदम पटली. सायमन निकोल्सन म्हणून एक ब्रिटिश कलाकार होते, त्यांनी १९७१ मध्ये एक लेख लिहिला, त्याचा सारांश असा की एखाद्या जागेत हलवता येणाऱ्या, बदलता येणाऱ्या सुट्या वस्तू जितक्या जास्त आणि जितक्या वेगवेगळ्या तितकी तिथे माणसाची कल्पकता जास्त चालते. आणि त्याच्याही बऱ्याच आधी डेन्मार्कमधल्या सोरेनसन नावाच्या बागा आखणाऱ्या माणसाच्या लक्षात आलं होतं की आपण आखलेल्या नीटनेटक्या मैदानांपेक्षा मुलं बांधकामाच्या जागी आणि भंगारात जास्त रमतात, मग १९४३ मध्ये, ऐन युद्धात, कोपनहेगनच्या एम्ड्रुप भागात चक्क भंगाराचं मैदान सुरू झालं. मुलांना फळ्या, विटा, हत्यारं दिली, बाकी त्यांचं त्यांनी बघायचं. नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला म्हणजे आता तू घरामागे भंगार मांडणार. म्हटलं हो, तेच.

मग जमवाजमव. याला पैसे लागत नाहीत पण लोकांना सांगून ठेवावं लागतं. ओळखीत कोणी फ्रीज किंवा वॉशिंग मशीन घेतलं की खोका आम्हाला. जुन्या चादरी, फाटका पडदा, कपड्यांचे चिमटे, झाकणाचे डबे, फनेल, जुनी गाळणी, पाईपचे तुकडे, लाकडाचे ठोकळे, झाडाच्या छाटलेल्या फांद्या, गोटे, शंख, बाद झालेला कीबोर्ड (वायर कापून टाकली). टीव्हीचा जुना रिमोट, सेल काढून. या रिमोटचं पुढे काय काय झालं ते सांगत बसले तर वेगळा लेख होईल.

पण जे मिळेल ते सरळ मुलांच्या हातात दिलं नाही. फळ्यांचे खिळे काढले, कडांवर पॉलिश पेपर मारला. औषधं, कीटकनाशकं, रंग, फिनेल यांचे डबे कितीही छान दिसले तरी घेतले नाहीत, धुतले तरी नाही. मालवाहतुकीच्या लाकडी पॅलेटवर, म्हणजे माल ठेवायच्या फळ्यांच्या चौकटीवर, एक शिक्का असतो तो बघायचा. त्यावर एच टी (HT) असेल तर लाकडाला फक्त उष्णता दिलेली असते, एम बी (MB) असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी कीडनाशक वायूची धुरी दिलेली असते, ते पॅलेट मुलांसाठी नको. शिक्काच दिसत नसेल तरी मी सोडून देते. आणि दोरी. दोरी मुलांना प्रचंड आवडते पण लांब दोरी आणि लटकता फास ही खरोखर धोक्याची गोष्ट आहे, म्हणून आमच्याकडे हातभर लांबीचे तुकडेच आहेत आणि खेळ संपला की गाठी सोडायच्या. ओढणीचा सुपरहिरोवाला केप करायचा तर गळ्याला गाठ मारायची नाही, खांद्यावर दोन चिमटे लावायचे, म्हणजे कुठे अडकला तर सुटून येतो.

पहिल्या दिवशी सगळं एकदम बाहेर मांडलं आणि आत जाऊन स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत बसले. मोठीने विचारलं, याचं काय करायचं? मी म्हटलं, मला काय माहीत. ती चिडली. नंतर बरेच दिवस "कंटाळा आला" हेच ऐकलं, आणि इथे टिकून राहणं हाच सगळ्यात अवघड भाग होता असं मला वाटतं, कारण तोंडावर येत असतं की अगं खोक्याचं घर कर, अगं दुकान मांड, आणि एकदा सांगितलं की मग प्रत्येक वेळी आपणच सांगायचं. मी सांगितलं नाही. फक्त त्या मोठ्या खोक्याला कटरने एक गोल भोक पाडून ठेवलं आणि शेजारी पाईपचा तुकडा ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी त्या खोक्याची पाणबुडी झाली होती. धाकटा आत, मोठी बाहेरून पाईपमध्ये तोंड घालून सूचना देतेय. हे असं काहीतरी अर्धवट करून ठेवणं मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. विटांची एकच रांग लावून सोडून द्यायची, दोरीवर चादर एकाच बाजूने टाकून ठेवायची. पुढचं मुलं करतात.

खोका या प्रकाराबद्दल माझं मत आता फार म्हणजे फार वरचं आहे. अमेरिकेत रॉचेस्टरला खेळाचं म्युझियम आहे, त्यांच्याकडे खेळण्यांचा हॉल ऑफ फेम आहे आणि त्यात २००५ मध्ये पुठ्ठ्याचा खोका घेतलाय, २००८ मध्ये काठी, २०११ मध्ये ब्लँकेट आणि २०२१ मध्ये वाळू. नवऱ्याला ही यादी वाचून दाखवली, त्यानंतर भंगारावरून टोमणे जरा कमी झाले. खोक्याची अडचण एकच, ओल. खाली चार विटा आणि फळी टाकली तर बरेच दिवस टिकतो, रात्री वर प्लास्टिक. भिजून लगदा झालाच तर टेप आणि लेबलं काढून तुकडे कंपोस्टमध्ये, वाळक्या पानांसारखा तिथे तो चालतो.

तंबूसाठी तीन बांबू वापरले, साधारण सहा फुटांचे. तिन्ही जमिनीवर एकमेकांशेजारी आडवे ठेवायचे, वरच्या टोकापासून वीतभर खाली दोरीने जरा सैलसर बांधायचे आणि मग उभे करून पाय फाकवायचे, गाठ आपोआप आवळते. पाय मातीत वीतभर गाडले, वर चादर, चिमटे लावले, झाला तंबू. कधी तो दवाखाना असतो, कधी गुहा, मध्यंतरी रेल्वेचं तिकीट ऑफिस होतं आणि झाडाची वाळकी पानं ही तिकिटं, भोक पाडून द्यायची. अंधार पडल्यावर पांढरी चादर दोरीवर ताणून मागे टॉर्च लावला की सावल्यांचं नाटक होतं, हात टॉर्चजवळ नेला की राक्षस, चादरीजवळ नेला की माणूस, हे धाकट्याने स्वतः शोधून काढलं आणि मग आठवडाभर घरात दुसरा विषय नाही.

आता चिखल. इथे घरात सगळ्यात जास्त विरोध होता, सासूबाईंचा नाही बरं का, त्या म्हणाल्या खेळू दे, कपडे धुता येतात. विरोध माझा स्वतःचाच होता कारण धुणारी मी. तरी केलं. दोन विटांच्या थरांवर एक फळी, त्यावर जुनी भांडी, डाव, गाळणी, आणि खाली मातीचं टोपलं. भातुकली म्हणा हवं तर, पण खेळण्यातल्या चिमुकल्या भांड्यांपेक्षा खऱ्या, चेपलेल्या पातेल्यात मुलं जास्त वेळ रमतात, वजन असतं ना त्याला. पाणी मात्र मोजून. नळ उघडा ठेवायचा नाही, सकाळी तोटी असलेला एक डबा भरून द्यायचा, तो संपला की संपला. यातून एक मजा झाली, पाणी कमी म्हटल्यावर भांडणं सुरू झाली आणि भांडणातून पाणी खातं सुरू झालं, मोठी अधिकारी आणि धाकटा अर्ज घेऊन रांगेत! हे मी सुचवूनसुद्धा झालं नसतं.

पाण्याबाबतीत दोन गोष्टी मात्र मी कडक पाळते. लहान मूल थोड्याशा पाण्यातही बुडू शकतं, अगदी काही इंच पाणी पुरतं, त्यामुळे पाणी बाहेर असेल तेव्हा मोठं माणूस बाहेर, खिडकीतून बघणं चालत नाही, आणि खेळ झाला की बादल्या रिकाम्या करून पालथ्या. दुसरं म्हणजे डास. अंडं घातल्यापासून आठवडा-दहा दिवसांत डास तयार होऊन उडतो, म्हणून आठवड्यातून एकदा सगळे डबे, पाईप, खोकी उलटी करून बघायची. कोणी जुने टायर देऊ केले होते ते मी नको म्हटलं, त्यात पाणी साठतं ते निघता निघत नाही. भोकं पाडून वापरणारे वापरतात, मला तो उद्योग नको होता. वाळूचं टब आहे त्याला झाकण आहे, मांजरं येतात म्हणून. आणि आत येताना साबणाने हात, यावर चर्चा नाही.

दोघांच्या वयात फरक असल्यामुळे जो गोंधळ व्हायचा तोही सांगते. मोठीला गोष्ट हवी असते, कोण राणी कोण चोर, आणि धाकट्याला फक्त ओतायचं असतं, या भांड्यातून त्या भांड्यात. ती ओरडायची की तो नीट खेळत नाही. व्हिगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाच्या १९३३ च्या व्याख्यानात एक उदाहरण आहे, काठी घोडा होऊ शकते कारण तिच्यावर टांग टाकता येते, पण पोस्टकार्ड लहान मुलासाठी घोडा होऊ शकत नाही. हे वाचल्यावर मी धाकट्याचं निरीक्षण केलं आणि खरंच, त्याला हातात वजन लागतं, धरता येईल, ढकलता येईल, बसता येईल असं. मोठी नुसत्या हवेतल्या फोनवर बोलू शकते, त्याला फोनला निदान ठोकळा तरी पाहिजे. तेव्हापासून तिच्या गोष्टीत त्याच्यासाठी एखादी जड वस्तू असतेच, तो सामान वाहणारा ड्रायव्हर असतो, आणि दोघांचं जमतं. रोज नाही.

मोठ्यांनी मध्ये किती पडायचं यावर माझा नियम असा झालाय की बोलावलं तरच जायचं आणि गेलं तर छोटी भूमिका घ्यायची. पेशंट, गिऱ्हाईक, प्रवासी. बॉस व्हायचं नाही. "हे काय बनवलंस" विचारलं की ती दोघं थांबून मला उत्तर द्यायला लागतात आणि खेळ विस्कटतो, त्यापेक्षा "डॉक्टर, माझा पाय दुखतोय" म्हटलं की तो पुढे जातो. आणि फोटो काढायला गेले की तर संपलंच, पोज द्यायला लागतात.

पसारा हा खरा प्रश्न आहे, कोणी कितीही गोड बोललं तरी. सगळं सामान आधी एका झाकणाच्या पेटीत होतं तर दिसत नाही म्हणून कोणी काढायचंच नाही, आता उघडी क्रेट्स आहेत, भिंतीला लागून, धाकट्याचा हात पोचेल इतक्या उंचीवर, एकात कापडं, एकात लाकूड, एकात डबे. आवरायचं म्हणजे एवढंच की सुटं सामान क्रेटमध्ये. उभं केलेलं मात्र मोडायचं नाही, असं मी आणि नवऱ्याने ठरवलं, कारण रोज संध्याकाळी सगळं पाडलं की दुसऱ्या दिवशी शून्यापासून सुरुवात आणि उभारण्यातच वेळ जातो, गोष्ट पुढे सरकत नाही. पाणबुडी तशीच राहिली म्हणून तिला पुढे बंदर आलं, बंदराला दुकान आलं, दुकानाला चोर आला. शोभेचं परस हवं असेल त्यांना हे झेपणार नाही, आमच्याकडे येणारे पाहुणे एकदा मागे डोकावतात आणि काही बोलत नाहीत. मधूनमधून मी एखादं क्रेट काढून महिनाभर आत ठेवते, परत आणलं की नव्यासारखं खेळतात.

घसरगुंडी अजून आहे, हल्ली तिच्यावरून डबे घसरवतात. आणि आता मोठीला सामान उचलायची क्रेन हवी आहे. झाडाच्या आडव्या फांदीला एक कप्पी बांधलीये, एक बादली, एक दोरी, ही एकच लांब दोरी आहे आणि ती मी रोज काढून घेते. नियम एवढाच की बादलीतून वस्तू वर जातील, भाऊ नाही, आणि बादली वर असताना खाली कोणी उभं राहायचं नाही. धाकट्याला भरलेली बादली ओढवत नाही म्हणून तक्रार आहे, एका कप्पीने फक्त ओढायची दिशा बदलते, जोर तेवढाच लागतो, दुसरी कप्पी बादलीला लावली तर निम्म्या जोरात काम होतं. दुसरी अजून मिळालेली नाही, कोणाकडे जुनी पडलेली असेल का ते विचारणं चालू आहे.