परसातल्या केळी, वर्ष चौथं : वेलचीला मर

गेल्या वर्षी सहा जातींवर थांबलो होतो : सफेद वेलची, लाल वेलची, राजेळी, बनकेळ, गोव्याहून आणलेलं मोयऱ्याचं केळं आणि ग्रँड नैन. आज पाच आहेत. सफेद वेलची मर रोगानं, म्हणजे झाड वाळवून मारणाऱ्या रोगानं गेली.

ऑगस्टअखेर तिची खालची पानं कडेनं पिवळी पडू लागली. पालाश (पोटॅशियम) कमी पडतंय असं वाटून बुंध्यात राख घातली. पंधरा दिवसांत पानं देठात मोडून बुंध्याभोवती परकरासारखी लोंबू लागली, बुंधा जमिनीलगत उभा चिरला. मग कोयता घेतला. कापावर तांबूस-तपकिरी ठिपक्यांची वलयं, एकात एक. कंद फोडला तर आत त्याच रंगाच्या रेघा. बुंध्याचा तुकडा ग्लासभर स्वच्छ पाण्यात टांगून पाहिला. जीवाणूंची मर असती तर दुधासारखा धागा खाली उतरला असता. पाणी नितळ राहिलं. लक्षणं सगळी पनामा मरची, म्हणजे फ्युजॅरियम बुरशीची.

चार फुटांवरची ग्रँड नैन मात्र हिरवीगार उभी आहे. गावठी जात कणखर आणि लॅबमधलं, टिश्यू कल्चरचं रोप नाजूक, असं आपण सहज बोलून जातो. इथे ते खोटं ठरलं. या बुरशीचा जो जुना प्रकार आहे, रेस १, त्याला सफेद वेलची बळी पडते आणि कॅव्हेंडिश गटातली ग्रँड नैन दाद देत नाही. त्याच प्रकारानं मध्य अमेरिकेतली ग्रो मिशेल ही केळ्याची जात संपवली, म्हणून तर १९६०च्या आसपास जगाचा केळ्यांचा व्यापार कॅव्हेंडिशवर आला. पण टीआर४ हा नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो. २०१९ साली तो कोलंबियात पोचला. आपल्याकडेही तो बिहारमध्ये कटिहारच्या बागांत सापडला आहे. जळगाव-रावेरच्या बागा बहुतेक ग्रँड नैनच्या, त्याही टिश्यू कल्चरच्या, म्हणजे सगळी झाडं एकाच झाडाच्या नकला. विचार केला की पोटात गोळा येतो. कुठलीच जात सगळ्या रोगांना पुरून उरत नाही, म्हणून मला परसात एक उत्तम जात नको, वेगवेगळ्या सहा हव्यात.

वेलची कंदासकट उपटून जागच्या जागीच जाळली. बागेतून ओढत नेली असती तर माती सगळीकडे सांडली असती. कोयता, पहार, चपला ब्लीचच्या पाण्यात धुतल्या. ही बुरशी मातीत वर्षानुवर्षं दबा धरून राहते, त्यामुळे त्या जागी आता केळ नाही. तिथलं पाणी इतर आळ्यांकडे वाहू नये म्हणून मध्ये वरंबा घातलाय.

सगळ्यात जड गेले ते दोन फोन. उन्हाळ्यात याच वेलचीचे मुनवे, म्हणजे कंदातून फुटलेले कोंब, मी दोघांना हौसेनं दिले होते. रोगट कंदाचा मुनवा दिसायला अगदी ठणठणीत असतो. एकानं लगेच उपटला. दुसऱ्याचा जोमात वाढतोय, त्याला काढवत नाहीये. मी पुन्हा फोन करणार आहे. तोवर माझ्या बागेतून कुठल्याच जातीचा मुनवा बाहेर जाणार नाही, कृपया मागू नका.

राजेळी निसवली, म्हणजे घड बाहेर पडला, पाच फण्या मोजल्या. पिकल्या की सुकेळी करणार. वेलचीसाठी विहिरीपलीकडे, वरच्या अंगाला नवा खड्डा खणून ठेवलाय. यंदा रोप टिश्यू कल्चरचंच आणणार.