चार प्लेटींवरचा काळा

चवथीच्या (गणेशोत्सवातल्या) नाटकाची स्मरणिका यंदा मी घरीच लावते, असं मंडळाच्या बैठकीत बोलून गेले आणि मग ते निभवावं लागलं. इतकी वर्षं डीटीपी करून देणारे काका आता मुलाकडे पुण्याला असतात. त्यांच्या जुन्या फायलींतला मजकूर काढून बघितला, तर फॉन्टच नसल्याने 'मंडळ'च्या जागी टक्के आणि डॉलरची चिन्हं. सगळं युनिकोडमध्ये नव्याने टाइप केलं.

स्क्रायबस हे पानं लावायचं फुकट सॉफ्टवेअर मी पूर्वी एकदा उघडून हात जोडले होते. १.४ आवृत्तीत देवनागरीचे हाल व्हायचे. 'डिचोली'तली वेलांटी 'च'च्या डोक्यावर जायची, जोडाक्षरं सुटी पडायची. १.५.३ पासून ते सुधारलं आणि जानेवारी २०२४ मध्ये १.६ ही स्थिर आवृत्ती आली. आता 'तऱ्हा' नीट दिसते. फॉन्ट घेतला टिरो देवनागरी मराठी, कारण त्यातले 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे आहेत. तोही फुकटच.

पान ए-फाइव्ह, १४८ बाय २१० मिमी, चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापून टाकायची जादा कड. मधोमध पिना मारायच्या म्हणून पानं चारच्या पटीत, एकूण ४८. जाहिराती रंगीत, त्यामुळे आतली पानंही चार रंगांत, दर रंगाची वेगळी प्लेट. म्हापशाच्या प्रेसने पीडीएफ एक्स-वन-ए, म्हणजे छपाईसाठीची ठरावीक पीडीएफ मागितली. कलर मॅनेजमेंट चालू केल्याशिवाय तो पर्याय निवडताच येत नाही, हे शोधण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. (वीजही दोनदा गेली, ते वेगळं.)

फाइल पाठवली. दुसऱ्या दिवशी प्रेसमधून फोन.

"बाय, तुजें काळें चार प्लेटींनी गेलां."

मला आधी काही कळलंच नाही. मग रंगांची यादी उघडली. त्यात 'ब्लॅक'ही आहे आणि 'रजिस्ट्रेशन'ही. पडद्यावर दोन्ही सारखेच काळे. 'रजिस्ट्रेशन' असतो प्लेटी जुळवायच्या खुणांसाठी: निळा, किरमिजी, पिवळा, काळा, चारही १०० टक्के. मी मजकुराला तोच दिला होता! म्हणजे एकेका अक्षरावर ४०० टक्के शाई. प्लेट केसभर सरकली तरी शिरोरेषेला गुलाबी सावली येणार. आणि श्रावणातल्या या दमट हवेत एवढी शाई वाळणार कधी? एका पानाचा मजकूर समोरच्या पानावर उमटला असता.

स्क्रायबसमधली प्रीफ्लाइट ही चुका शोधणारी तपासणी यावर अवाक्षर काढत नाही. बघायचं ते आउटपुट प्रिव्ह्यूत. त्यासाठी घोस्टस्क्रिप्ट नावाचं आणखी एक सॉफ्टवेअर घालावं लागतं. तिथे एकेक रंग बंद करून पाहता येतो. काळा बंद केला, तरी नाटकाची अख्खी श्रेयनामावली जागच्या जागी! पोटात गोळाच आला.

दुरुस्तीला मात्र दोन मिनिटं लागली. परिच्छेदांच्या स्टाइल्स आधीच करून ठेवल्या होत्या, म्हणून तिथे रंग बदलला की ४८ पानांवर बदलला. हे शहाणपण माझं नव्हे. पुण्याच्या काकांनी पहिल्याच फोनवर दम दिला होता, "हाताने एकेक ओळ रंगवायची नाही."

जाहिरातींचं दुखणं वेगळंच. सगळ्यांनी चित्रं व्हॉट्सॲपवर धाडली आणि व्हॉट्सॲपने ती पिळून बारीक केली. प्रीफ्लाइटची मर्यादा ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) नेली तशी खुणांची रांगच लागली. 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' असं घरोघरी सांगत फिरले. एक सराफ तेवढे राहिले. त्यांची जाहिरात ९० डीपीआयची, तीसुद्धा मलपृष्ठावर. तीनदा मागितली, तीनदा तेच चित्र आलं. शेवटी म्हणाले, "आमच्या फोनवर एकदम क्लिअर दिसतं."

मंडपाचा निम्मा खर्च त्यांचाच. एक्सपोर्ट करताना प्रीफ्लाइटने ती खूण पुन्हा पुढे केली. मी 'इग्नोर एरर्स' दाबलं.