टाकून दिलेल्या पानांचा हिशेब

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात, सातम-आठमच्या रात्री, दांडिया बाजारातल्या आमच्या घरी पत्ते रंगले होते. गुजरातेत जन्माष्टमीच्या आसपास पत्ते खेळण्याची जुनी रीत आहे आणि बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आमच्यासारख्या मराठी कुटुंबांनीही ती आपलीशी केली आहे. त्या वर्षी पुण्याहून आलेल्या भाच्याने आम्हाला पोकर शिकवले. त्यात प्रत्येकाच्या हातात दोन पाने येतात, समोर सगळ्यांसाठी मिळून पाच पाने टप्प्याटप्प्याने उघडतात आणि या सातांतून ज्याची पाच पाने सर्वांत भारी, तो डाव जिंकतो. पैसे लावायचे नाहीत, हा सासूबाईंचा नियम असल्यामुळे प्रत्येकाला दोनशे चिंचोके मोजून दिले होते आणि मधोमध पितळेची परात ठेवली होती. त्या रात्री माझ्या हातात दोन एक्के आले. समोर एकही पान उघडण्याआधी मी सगळे चिंचोके परातीत लोटले, भावजींनी सत्तीच्या जोडीवर तेवढेच लावले आणि अगदी शेवटच्या पानाला तिसरी सत्ती उघडली. "वहिनी, नशीब! दुसरं काय?" असे म्हणत त्यांनी दोन्ही हातांनी चिंचोके ओढून घेतले.

मी एका खासगी कंपनीत हिशेब पाहते. आकड्यांच्या बाबतीत 'नशीब' हा शब्द ऐकून मी गप्प बसू शकत नाही. माझे चुकले होते की नव्हते, हे मला जाणून घ्यायचे होते आणि त्या एका प्रश्नापायी मी मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमांपर्यंत पोहोचले. प्रश्नाचे उत्तर पहिल्याच आठवड्यात मिळाले. दोन एक्के विरुद्ध खालची जोडी अशी गाठ पडली, तर एक्के साधारण पाचांतून चार वेळा जिंकतात आणि एकदा हरतात. माझा निर्णय बरोबर होता, निकाल विरुद्ध गेला होता. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला तोपर्यंत कोणी एवढ्या स्पष्टपणे सांगितले नव्हते.

ज्या अभ्यासक्रमाने मला सर्वांत जास्त दिले, तो अमेरिकेतील एमआयटी या संस्थेचा आहे. तेथे २०१५ च्या जानेवारीत केविन डेस्मंड यांनी पोकरचे सिद्धांत आणि विश्लेषण या विषयावर वर्ग घेतला आणि त्याची व्याख्याने संस्थेच्या ओपनकोर्सवेअर या उपक्रमात कोणालाही विनामूल्य पाहता येतात. नाव नोंदवावे लागत नाही, शुल्क नाही, परीक्षा नाही. संभाव्यतेचा पाया कच्चा आहे असे जाणवले, तेव्हा मी हार्वर्डच्या जो ब्लिट्झस्टाइन यांच्या 'स्टॅट ११०' या वर्गाची व्याख्यानेही पाहिली. तीही मोफत आहेत आणि पोकर न खेळणाऱ्यालाही ती पाहण्याचा आग्रह मी करीन. मोफत मिळालेल्या विद्येची किंमत राहत नाही, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. मला ते पटत नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला अमेरिकेहून बोलावून बडोदे संस्थानात मोफत ग्रंथालयांची व्यवस्था उभारली. त्याच गावात मी लहानाची मोठी झाले आणि मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीतून आणलेल्या पुस्तकांवरच माझा अर्धा अभ्यास झाला.

या वर्गांत शिकलेली पहिली गोष्ट माझ्या आजवरच्या सवयीच्या अगदी उलट होती. ती म्हणजे पाने टाकून देणे, म्हणजेच फोल्ड करणे. बावन्न पानांतून दोन पाने १,३२६ प्रकारे येऊ शकतात. त्यांतली बहुतेक खेळण्याच्या लायकीची नसतात. कोणतीही जोडी हातात येण्याची शक्यता साधारण सतरा डावांत एकदा असते आणि दोन एक्के येण्याची २२१ डावांत एकदा. एक्का-राजा ही देखणी पाने हातात आली, तरी समोरच्या पहिल्या तीन पानांत, म्हणजे फ्लॉपमध्ये, तीनांतून सुमारे दोन वेळा आपल्या उपयोगाचे काहीच येत नाही. हे सगळे ऐकायला सोपे आहे. तरीही आमच्या घरी दर शनिवारी रंगू लागलेल्या खेळात पहिले कित्येक शनिवार मी दहांपैकी सात-आठ डाव खेळतच राहिले.

असे का होते, याचा मी बराच विचार केला. आम्ही ज्या खेळांवर वाढलो, त्यांत डाव सोडून देण्याची सोयच नसते. मेंढीकोटात वाटलेली पाने खेळावीच लागतात. काचूफुलात, ज्याच्या नावातच काळी, चोकट, फुल्ली आणि लाल या चारही रंगांची आद्याक्षरे आहेत, आपण किती हात करणार हे आधी बोलावे लागते, पण पाने वाईट आहेत म्हणून उठून जाता येत नाही. वाईट पानांतून काहीतरी निभावून नेणे, हेच तिथले कौशल्य मानले जाते. रमीत आणि तीन पत्तीत पॅक करता येते, परंतु घरच्या खेळात पॅक करणाऱ्याला बाकीचे लगेच 'घाबरला' म्हणतात, त्यामुळे ती सोय असून नसल्यासारखी असते. पोकरमध्ये मात्र टाकून दिलेला डाव हा खेळलेल्या डावाइतकाच खेळाचा भाग आहे. हे मनाला पटवण्यासाठी मी वहीत टाकून दिलेल्या पानांचीही नोंद ठेवू लागले. इस्पिकची राणी आणि चौकटची तिर्री, टाकली. किलवरची नव्वी आणि बदामाची चव्वी, टाकली. अशा पानभर नोंदी झाल्यावर टाकणे हे काम वाटू लागले आणि त्यातला कमीपणा गेला. आता मी दहांपैकी दोन-तीन डाव खेळते.

दुसरी गोष्ट कामाची पाने, म्हणजे उघडली तर आपला डाव भारी करतील अशी पाने, मोजण्याची. इंग्रजीत त्यांना आउट्स म्हणतात. माझ्या वहीत मी 'कामाची पाने' असेच लिहिते, कारण ते सासूबाईंनाही चटकन समजते. समजा माझ्या हातात बदामाची दोन पाने आहेत आणि फ्लॉपमध्ये आणखी दोन बदाम उघडले. एकाच रंगाची पाच पाने जमली की डाव भारी होतो, म्हणून मला आणखी एक बदाम हवा आहे. मला एकूण पाच पाने दिसली आहेत, सत्तेचाळीस दिसलेली नाहीत आणि त्यांत नऊ बदाम शिल्लक आहेत. पुढच्या एका पानात बदाम येण्याची शक्यता ४७ पैकी ९, म्हणजे सुमारे १९ टक्के होते. उरलेल्या दोन्ही पानांचा विचार केला, तर ती ३५ टक्क्यांच्या आसपास जाते. टेबलावर भागाकार करत बसता येत नाही, म्हणून एक सोपा आडाखा वापरतात: दोन पाने उघडायची असतील तर कामाच्या पानांना चाराने गुणावे, एकच उरले असेल तर दोनाने. नऊ पानांचे छत्तीस आणि अठरा. खऱ्या उत्तराच्या इतके जवळ जाणारा आडाखा दुसऱ्या कोणत्याही खेळात मी पाहिलेला नाही.

व्याख्यानात हे ऐकले तेव्हा समजले असे वाटले, पण विश्वास बसला नव्हता. म्हणून एका रविवारी दुपारी जेवणे आटोपल्यावर मी जुना कॅट घेऊन सतरंजीवर बसले. दोन बदाम हातात, दोन बदाम आणि एक किलवर समोर, अशी पाच पाने बाजूला काढली, उरलेली सत्तेचाळीस पिसली, वरची दोन उघडली आणि त्यांत बदाम असेल तर वहीत रेघ मारली. पुन्हा पिसली, पुन्हा उघडली. असे शंभर वेळा केले. साठाव्या वेळेच्या सुमारास सलग नऊ वेळा बदाम आला नाही, तेव्हा व्याख्यात्याचेच काही चुकले असावे अशी शंका मनाला चाटून गेली. मग एकापाठोपाठ चार वेळा आला. शेवटी छत्तीस रेघा भरल्या. त्या दुपारी मला जे समजले, ते दहा व्याख्यानांनी समजले नसते. माझे ठाम मत असे आहे की पोकरचे चलचित्र नुसते पाहणे म्हणजे पाककृती वाचून पोट भरण्याची अपेक्षा ठेवणे. कॅट हातात घेऊन ते प्रत्यक्ष करून पाहिल्याशिवाय त्यातले काहीही अंगी लागत नाही.

कामाची पाने मोजता आली की परातीशी त्यांची तुलना करता येते आणि खेळाचे मर्म तिथेच आहे. परातीत साठ चिंचोके आहेत आणि भावजींनी आणखी तीस टाकले, तर मला तीस घालून नव्वद मिळवायचे आहेत. एकूण एकशेवीसमध्ये माझे तीस, म्हणजे चौथा हिस्सा. माझ्या जिंकण्याची शक्यता २५ टक्क्यांहून जास्त असेल तर पुढे जाणे फायद्याचे, कमी असेल तर पाने टाकणे बरे. एकच पान उरले आहे आणि बदाम येण्याची शक्यता १९ टक्के आहे, अशा वेळी केवळ त्या एका पानाच्या भरवशावर तीस चिंचोके घालणे तोट्याचे असते. आधी मी अशा प्रत्येक वेळी 'आलाच तर' म्हणून चिंचोके घालत असे. त्यातला एखादा डाव जिंकल्यावर तो महिनाभर लक्षात राहायचा आणि हरलेले चार विसरून जायचे.

बसण्याच्या जागेचे महत्त्व मला लवकर कळले, कारण काचूफुलात शेवटी बोलणाऱ्याला इतरांच्या बोल्या ठाऊक असतात, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेले होते. पोकरमध्येही वाटणाऱ्याच्या जागेवरचा खेळाडू फ्लॉपनंतर शेवटी निर्णय घेतो आणि तोच सर्वांत सुखी असतो.

ब्लफ मात्र मला फार जड गेले. घरच्या माणसांसमोर नसलेली पाने असल्यासारखे वागणे मनाला पटत नव्हते. चेहऱ्यावर काही दिसू न देण्याची ती कला आहे, असा माझा समज होता. तो समज कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस या संगणकप्रणालीमुळे दूर झाला. २०१७ च्या जानेवारीत तिने चार व्यावसायिक खेळाडूंना १,२०,००० डावांच्या सामन्यात हरवले. यंत्राला चेहराच नसतो, तरीही ते ब्लफ करत होते, कारण ब्लफ हासुद्धा हिशेबच आहे. परातीत जितके आहे तितकेच मी लावले, तर समोरच्याने निम्म्या वेळा पाने टाकली तरी माझे नुकसान होत नाही. परातीच्या निम्मे लावले, तर तीनांतून एकदा टाकली तरी पुरते. ज्याने कधीच ब्लफ केले नाही, त्याच्या चांगल्या पानांवर कोणीही चिंचोके लावणार नाही, हेही तितकेच खरे. त्यानंतर मला त्यात खोटेपणा वाटेनासा झाला.

एक गोष्ट येथे स्पष्टपणे लिहिणे मला गरजेचे वाटते. मोफत धडे पुष्कळ आहेत, पण सगळ्यांचा हेतू एक नसतो. पोकरची संकेतस्थळे चालवणाऱ्यांनी दिलेले धडे शिकवण्याच्या दृष्टीने वाईट नसतात, तरी बहुतेकांच्या शेवटी पैसे भरून खेळण्याचे आमंत्रण असते. विद्यापीठांच्या वर्गांत ते नसते, म्हणून मी सुरुवात तेथूनच करायला सांगते. कायद्याची बाजूही माहीत असावी. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ साली पोकरला कौशल्याचा खेळ मानण्यास नकार दिला आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने केलेल्या कायद्याने देशभर पैसे लावून ऑनलाइन खेळण्याच्या खेळांवर, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदी घातली. अभ्यास करण्यावर आणि चिंचोक्यांवर खेळण्यावर त्याचा काहीच परिणाम झालेला नाही. परातीत पैसे असते, तर शंभर वेळा पाने पिसून शांतपणे रेघा मारण्याचे धैर्य मला झाले नसते, असे मला मनापासून वाटते.

माझ्या वहीत आता प्रत्येक मोठ्या डावापुढे दोन रकाने असतात. पहिला निर्णयाचा, दुसरा निकालाचा. पहिला रकाना मी त्याच रात्री, निकालाकडे न पाहता भरते. मला काय दिसत होते, किती कामाची पाने होती, परातीत किती होते, एवढ्यावरून निर्णय बरोबर होता की चूक, ते लिहिते. दोन एक्क्यांचा तो पहिला डावही मी मागाहून त्यात उतरवून घेतला आहे.

गेल्या शनिवारी माझ्याकडे राण्यांची जोडी होती आणि समोर शेवटच्या पानाला एक्का उघडला. परातीत ऐंशी चिंचोके होते. सासूबाईंनी चष्मा वर सरकवला, आपल्या पुढ्यातले चिंचोके पाच-पाचांच्या ढिगांनी मोजले आणि ऐंशी परातीत सोडले. पुढे जायचे तर मला तीनांतून किमान एकदा जिंकण्याची खात्री हवी होती. माझ्या वहीप्रमाणे त्यांनी शेवटच्या पानावर एवढी मोठी रक्कम याआधी चौदा वेळा लावली होती आणि त्यांतली दोनच ब्लफ निघाली होती. मी राण्या उलट्या करून पुढे सरकवल्या. "तुमच्याकडे एक्का होता ना?" असे मी विचारले, तर त्यांनी आपली पाने गठ्ठ्यात मिसळून टाकली आणि म्हणाल्या, "अगं, बघायचं होतं तर चिंचोके घालायचे होतेस."

त्या डावापुढचा निकालाचा रकाना रिकामा आहे. निर्णयाच्या रकान्यात मी 'बरोबर' असे लिहिले आहे.